शस्त्राभ्यासांतील मऊ साधनें : योग्या, गदगा आणि बोथाटी

शस्त्रविद्येविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचा बहुतेक भाग पात्यांनीं आणि मुठींनीं व्यापिलेला आहे. तलवारीचे घाट किती, पट्ट्याची लांबी किती, कट्यारीवरील ठसा कोणत्या कारखान्याचा, यांची चर्चा पुष्कळ झाली. ती अवश्यही होती. परंतु ज्या साधनांवर हात बसविल्यावांचून यांपैकीं एकही शस्त्र चालवितां येत नाहीं, त्या साधनांकडे संशोधकांची दृष्टि क्वचितच वळली आहे. तलवार शिकणारा पहिल्या दिवशीं कशावर वार करीत असे? सुरी हातीं घेणारा पहिला छेद कशाचा घेत असे? शिकविणारा व शिकणारा या उभयतांस जखम न होतां वार खरा बसला कीं हुकला, हें ठरवावयाचें कसें? या प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांत आहेत, कोशांत आहेत, तालमींतही आहेत. मात्र तीं एकत्र ठेवून पाहिलेलीं नाहींत.

विषय हातीं घेण्यास एक निमित्त झालें. गडचिरोली जिल्ह्यांतील आमच्या एटापल्लीसारख्या आडबाजूच्या गांवींही हल्लीं मुलामुलींस काठी व सुरी यांचे हात शिकविण्याचे वर्ग भरतात. तेथें खांबाला बांधलेल्या, आंत फोम भरलेल्या गाद्यांवर काठीचे वार करवितात, आणि छातीएवढ्या उंचीवर टांगलेल्या पोत्यावर लाकडी सुरीचे हात करवितात. हें साधन चांगलें आहे. मुलांचीं मनगटें त्यानें वांचतात. परंतु शिकविणारे जेव्हां छातीवर हात ठेवून सांगतात कीं ही गादी शिवकालापासून चालत आली आहे, तेव्हां जुन्या कागदपत्रांशीं संबंध ठेवणाऱ्यास स्वस्थ बसवत नाहीं. गादी जुनी आहे काय? असल्यास ती कोठें होती? या प्रश्नाचा शोध घेतां जें दिसलें, तें शिकविणाऱ्यांच्या समजुतीहून निराळें, पण अधिक मनोरंजक आहे.

आरंभ संस्कृतापासून करूं. धनुर्वेद या नांवाखालीं जें वाङ्मय आज उपलब्ध आहे, त्यांत लक्ष्याचा विचार विस्तारानें आला आहे. वासिष्ठ धनुर्वेदांत लक्ष्याचे स्थिर, चल, चलाचल आणि द्वयचल असे चार प्रकार केले आहेत: दोघेही निश्चल, लक्ष्य हलतें, नेमबाज हलतो, दोघेही हलतात. ही विभागणी इतकी चोख आहे कीं आजच्या शिक्षकासही तींत भर घालण्यास जागा नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत द्रोणाचार्य कारागिरांकडून कृत्रिम भास पक्षी करवून तो वृक्षाग्रीं ठेवतात, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा सर्व विचार बाणाचा आहे. अग्निपुराणांतील धनुर्वेदाच्या अध्यायांत खड्ग आणि चर्म, म्हणजे तलवार व ढाल, यांच्या भ्रांत, उद्भ्रांत, आविद्ध इत्यादि बत्तीस गति सांगितल्या आहेत. पुढें गदा, परशु, लगुड यांच्याही क्रिया येतात. तेथें नांवें आहेत, हालचाली आहेत; पण तो खड्ग सरावाच्या वेळीं कशावर आदळावा, याबद्दल एक अक्षर नाहीं. लक्ष्य बाणाला मिळालें, तलवारीला मिळालें नाहीं.

मग शब्दाच्या मागें जावें लागतें. हेमचंद्रानें अभिधानचिंतामणींत शस्त्राभ्यासाचे पर्याय देतांना खुरली, श्रम, योग्या आणि अभ्यास असे शब्द दिले आहेत, आणि त्या अभ्यासाच्या भूमीस खलूरिका म्हटलें आहे. यांतील खुरली व खलूरिका हे शब्द मराठींत उतरले नाहींत. श्रम हा शब्द मल्लविद्येंत रुळला. त्याकडे पुढें येऊं. चौथा शब्द जो योग्या, तो मात्र आपल्याला अशा ठिकाणीं घेऊन जातो कीं जेथें शस्त्रविद्येचा अभ्यासक सहसा फिरकत नाहीं. तें ठिकाण म्हणजे सुश्रुतसंहिता.

सुश्रुताच्या सूत्रस्थानाचा नववा अध्याय योग्यासूत्रीय या नांवाचा आहे. त्याचा आशय असा कीं शिष्यानें सर्व शास्त्र ऐकलें असलें तरी ज्यानें योग्या केली नाहीं तो कर्मास अयोग्य होय. शब्दावरील हा खेळ ग्रंथकाराचाच आहे. आणि मग तो एक एक क्रिया घेऊन ती कशावर शिकावी याची यादी देतो. छेदन शिकावयाचें तें कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर. त्यांतच वर कापत जाणें आणि खालीं कापत जाणें हे दोन हात शिकवावे. भेदन, म्हणजे सुरी खुपसून फाडणें, शिकावयाचें तें चामड्याच्या पखाली, प्राण्यांचीं मूत्राशयें व पिशव्या यांत पाणी आणि चिखल भरून त्यांवर. खरवडणें हें केस न काढलेल्या ताणलेल्या कातड्यावर. वेधन हें मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. सळई घालून पोकळी शोधणें हें किडीनें पोखरलेल्या लाकडांत, वेळूंत, बोरूंत आणि सुकलेल्या भोपळ्याच्या तोंडांत. ओढून काढणें हें फणस, तोंडलें व बेलफळ यांच्या गरांतून, तसेंच मेलेल्या जनावरांच्या दांतांवर. स्राव काढण्याची क्रिया सांवरीच्या फळीवर मेण लिंपून, शिवणें हें पातळ व जाड कापडाच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर. शेवटीं पट्टी बांधण्याची योग्या पुस्तमय पुरुषाच्या अंगप्रत्यंगांवर करावी असें सांगितलें आहे.

वाचकांनीं या यादीवर थोडें थांबावें. सुश्रुत ज्याला शस्त्र म्हणतो तें वैद्याचें शस्त्र आहे, योद्ध्याचें नव्हे, हें खरें. परंतु तें पातेंच आहे. आणि सुरी देहांत शिरतांना हाताला जें जाणवतें, त्याची बरोबरी कोणती वस्तु करील, याचा इतका बारीक विचार संस्कृतांत अन्यत्र आमच्या पाहण्यांत नाहीं. चिखल भरलेली पखाल ही कल्पना नुसती सोय नव्हे. वरची त्वचा ताठ, आंतील द्रव्य मऊ व जड. पातें त्वचेंतून सुटतांच वेगानें पुढें जातें. तें कोठें थांबवावें हें हातालाच कळावें लागतें. काकडीवर हें कळत नाहीं, म्हणून काकडी छेदनाला आणि पखाल भेदनाला. टांगलेल्या पोत्याची प्राचीनता ज्यांना हवी आहे, त्यांनीं धनुर्वेद न चाळतां हा अध्याय वाचावा. त्यांच्या पोत्याचा पूर्वज तेथें आहे. फक्त तो तालमींत नसून वैद्याच्या शाळेंत आहे, आणि त्यावर शिकलेला हात मारण्यासाठीं नसून तारण्यासाठीं आहे.

पुस्तमय पुरुष म्हणजे काय, याचाही खुलासा केला पाहिजे. अमरकोशांत पुस्त हा शब्द लेप्यादि कर्माच्या अर्थानें येतो, आणि माती, लाकूड, कापड, चामडें अशा द्रव्यांनीं केलेली आकृति तें पुस्त, असा टीकाकारांचा संप्रदाय आहे. म्हणजे वैद्याच्या शाळेंत मनुष्याएवढी एक भरीव बाहुली असे, आणि तिला हातपाय असत, असा अर्थ होतो. (पुस्तक शब्दाशीं या पुस्ताचें नातें जोडण्याचा मोह पोथ्या जमविणाऱ्यांना होईल. तो वाद मोठा आहे. येथें तो नको.) सुश्रुत या बाहुलीवर फक्त पट्ट्या बांधावयास सांगतो, तिच्यावर पातें चालवावयास सांगत नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पात्यासाठीं फळ आणि पखाल, बाहुली बंधनासाठीं. दोहोंची गल्लत करून प्राचीन काळीं योद्धे पुतळ्यावर सुरी शिकत, असें या अध्यायाच्या आधारें म्हणतां येणार नाहीं.

हाच पुस्त शब्द नाट्यशास्त्रांतही आहे. आहार्याभिनयाच्या अध्यायांत पुस्ताचे संधिम, व्याजिम व वेष्टिम असे तीन भेद केले असून वेष्टिम म्हणजे गुंडाळून केलेलें. त्याच ठिकाणीं रंगभूमीवरील शस्त्रें खऱ्या धातूचीं व जड न करतां हलक्या द्रव्यांचीं करावीं, जड वस्तूंनीं नट थकतात, आणि प्रत्यक्ष छेद, भेद किंवा रक्तस्राव रंगावर होऊं नये, असा उपदेश आहे. शिवाय शस्त्र चालविण्याचे भारत, सात्वत, वार्षगण्य व कैशिक असे चार न्याय सांगितले आहेत, आणि त्यांचा भेद वार कोठें करावयाचा यावर ठेविला आहे: कंबर, पाय, छाती व मस्तक. तालमींतल्या कोणाही वस्तादास ही विभागणी वाचून दाखवावी. तो आपल्या काठीचे हात मोजूं लागेल. शीर, तमाचा, बाहेरा, कमर हीं नांवें निराळ्या भाषेंतून आलेलीं असलीं तरी देहाचे भाग पाडून वार शिकविण्याची रीत तीच आहे. नाट्यशास्त्रापासून आखाड्यापर्यंत परंपरा अखंड आली असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें जिवंत माणसासमोर, त्याला इजा न करतां, शस्त्र चालवावयाचें असतें, तेथें दोनच उपाय उरतात: शस्त्र हलकें करणें आणि वाराची जागा आधीं ठरविणें. नटाला व शिष्याला एकाच अडचणीनें एकाच वाटेवर आणिलें.

मल्लविद्येचा श्रम शब्द येथें उपयोगी पडतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचिलेल्या मानसोल्लासांत, म्हणजे हेमचंद्राच्याच शतकांत, विनोदविंशतीच्या आरंभीं राजाचा शस्त्रविनोद वर्णिला आहे आणि पुढें मल्लविनोद. मल्लांच्या दैनंदिन श्रमांत स्तंभश्रम येतो. स्तंभ हा प्रतिमल्लाचा देह. त्याला विळखा घालावयाचा, त्यावर चढावयाचें. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबास जें रूप दिलें, त्याचें मूळ या स्तंभश्रमांत पाहतात. खांब मात्र मऊ नव्हे. उलट एरंडेल चोळून तो निसरडा करितात. प्रतिपक्षी हातांतून निसटतो, म्हणून खांबही निसटता हवा. लक्ष्य कसें असावें तें शस्त्रावर आणि प्रसंगावर ठरतें. सर्वत्र गादी बांधून चालत नाहीं, हें जुन्या लोकांस ठाऊक होतें.

आतां मराठीकडे वळूं. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत फरी, गदगा आणि बोथाटी हे तिन्ही शब्द आहेत, आणि आमच्या विषयाचें मर्म या तीन शब्दांत आहे. गदगा, किंवा गदका, म्हणजे वेताची अथवा बांबूची छडी, तिच्यावर चामडें वा कापड गुंडाळलेलें. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. दोन्ही मिळून फरीगदगा. पंजाबांत गतका म्हणून जो खेळ प्रसिद्ध आहे त्याचें नांव याच शब्दाचें रूप होय. तलवारीच्या जागीं गदगा, ढालीच्या जागीं फरी, आणि समोर खरा माणूस. बोथाटी हा शब्द तर स्वतःच बोलतो. बोथट केलेला भाला ती बोथाटी. सुमारें दहा फूट लांबीची काठी, तिच्या टोंकाला गोळा, त्या गोळ्यावर कापड. आणि कापड रंगांत भिजविलेलें. घोड्यावर बसून दोघे एकमेकांस बोथाटी लावीत. ज्याच्या अंगावर रंग उठला तो हरला.

या ठिकाणीं मूळ प्रश्नाचें उत्तर मिळतें. मराठी शस्त्राभ्यासांत गादी होती, पण ती लक्ष्यावर नव्हती. ती शस्त्रावर होती. आजच्या वर्गांत खांब मऊ केला आहे आणि काठी उघडी ठेविली आहे. जुन्या तालमींत काठी मऊ केली होती आणि लक्ष्य म्हणून वस्तादाचा नाहीं तर जोडीदाराचा देह होता. हा फरक दिसतो तितका लहान नाहीं. खांब उलट वार करीत नाहीं. त्यावर बळ वाढतें, मनगट वळतें, वाराची दिशा पक्की होते; परंतु वार चुकविणें, तो फरीवर घेणें, घेतां घेतां उलट देणें, यांतलें कांहींही खांब शिकवीत नाहीं. गदगा तें शिकवितो. मात्र पातें कोणत्या कोनानें उतरल्यास कापतें आणि कोणत्या कोनानें नुसतें आदळतें, हें गदग्यानें कधींच कळत नाहीं, कारण त्याला धारच नाहीं. सुश्रुताच्या शिष्याला धारेचें ज्ञान होतें, प्रतिवाराचें नको होतें; फळ कापून घेत नाहीं अशी तक्रार करीत नाहीं. तालमीच्या शिष्याला प्रतिवाराचें ज्ञान प्रथम हवें होतें.

बोथाटीवरील रंगाकडे पुन्हा एकदां पहावें. मऊ साधनाचीं कामें दोन असतात: जखम टाळणें आणि वाराची नोंद ठेवणें. काकडीवर छेदच नोंद राहतो. पखालींतून चिखल बाहेर येतो. माणसावर वार केला आणि जखम झाली नाहीं, तर लागला कीं नाहीं यावरून भांडण ठरलेलें. प्रत्येक तालमींत तें होतेंच. रंगानें तें भांडण मिटविलें. ज्या कोणा अज्ञात वस्तादानें ही युक्ति प्रथम केली, त्याला आम्ही मोठा शिक्षक समजतों.

परदेशांतील एक उदाहरण तुलनेला घेण्याजोगें आहे. रोमन ग्रंथकार वेजेशियस यानें नव्या शिपायांच्या शिक्षणाचें वर्णन केलें आहे. जमिनींत सहा फूट उंच राहील असा खांब रोवावा. शिपायानें वेताची ढाल व लाकडी तलवार घ्यावी, दोन्ही खऱ्याच्या दुप्पट वजनाच्या. आणि खांबाला शत्रु समजून कधीं मस्तकावर, कधीं कुशींत, कधीं पायांवर वार करावे, मात्र वार करतांना आपलें अंग उघडें पडूं देऊं नये. येथें लक्ष्यही मऊ नाहीं, शस्त्रही मऊ नाहीं. शस्त्र जड केलें आहे. म्हणजे एकाच अडचणीला तीन ठिकाणीं तीन उत्तरें मिळालीं. रोमन सेनेला हजारों शिपाई थोड्या दिवसांत तयार करावयाचे होते, तेथें खांब परवडला. तालमींत वस्ताद एक व शिष्य दहावीस, तेथें जोडी लावणें परवडलें. असें आम्हांस वाटतें.

मराठी शस्त्रांत एक शस्त्र मात्र या व्यवस्थेंत बसत नाहीं. तें म्हणजे दांडपट्टा. त्याचें पातें लांब, लवचिक व दुधारी. मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झांकणारा लोखंडी खोळ. मनगट त्यांत अडकलेलें. पट्टा मनगटानें फिरत नाहीं, खांद्यानें आणि कंबरेनें फिरतो, आणि त्याचें सामर्थ्य त्या लवचिकपणांतच असतें. त्याला चामडें गुंडाळलें कीं तो पट्टा राहत नाहीं. म्हणून पट्टेकऱ्याला पुन्हा लक्ष्याकडे जावें लागलें, आणि तें लक्ष्य लिंबाएवढें झालें. माणसाच्या तळहातावर किंवा मस्तकावर लिंबू ठेवून तें पट्ट्यानें कापणें, हा खेळ कोल्हापुरापासून विदर्भापर्यंत आजही लोक पाहतात व टाळ्या वाजवितात. प्रेक्षकाला तें धाडस वाटतें. खरें पाहतां तें मोजमाप आहे. लिंबू कापलें गेलें आणि त्वचेला लागलें नाहीं, म्हणजे पट्टेकऱ्याला पात्याचें शेवटचें बोटभर अंतर कळलें. सुश्रुताच्या पखालीनें जें शिकविलें, पातें कोठें थांबवावें, तेंच येथें लिंबानें सिद्ध होतें. फरक इतकाच कीं एक शिकण्याचें साधन आहे आणि दुसरें शिकल्याची परीक्षा. कच्च्या हातानें लिंबावर अभ्यास करावा असें कोणी म्हणूं नये. या एका शस्त्रापुरतें मऊ साधन शक्य नव्हतें, आणि पट्टेकरी थोडे कां होते याचें एक कारण आम्हांस यांत दिसतें.

सुरीविषयीं थोडेंच सांगण्यासारखें आहे. कट्यार, बिचवा, जंबिया हीं जवळचीं शस्त्रें. १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या प्रसंगामुळें बिचवा प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. परंतु जवळच्या शस्त्राचा अभ्यास जोडीदाराशीं, लाकडी जंबिया घेऊन, धरपकडीच्या अंगानें होई. तो कुस्तीचाच एक भाग मानीत. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत जो व्यायामज्ञानकोश सिद्ध केला, त्यांत फरीगदगा, लाठी, बोथाटी, जंबिया यांना स्वतंत्र स्थान आहे. त्या ग्रंथाचें ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकावर आहे. तो आज सहज मिळत नाहीं, ही खेदाची गोष्ट.

येथें कालक्रमाची एक गांठ सोडविली पाहिजे. फरीगदगा, बोथाटी हीं जर तयारीचीं साधनें, तर तीं स्वतंत्र खेळ केव्हां झालीं? १८१८ नंतर तलवारीचा धंदा बुडाला. तरी पुण्यांत लहुजी वस्ताद साळवे (१७९४-१८८१) यांच्या तालमींत दांडपट्टा व निशाणबाजी शिकवीत, आणि जोतीराव फुले व वासुदेव बळवंत फडके यांसारखे पुरुष तेथें शिकले. पुढें १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. तलवार, भाला, कट्यार यांस परवाना लागूं लागला. चामड्यानें मढविलेल्या काठीस तो लागत नव्हता. ज्या शस्त्रासाठीं गदगा होता तें शस्त्र घरांतून गेलें, आणि गदगा उरला. अशा रीतीनें पूर्वतयारी हीच विद्या झाली. लेझीम या शब्दाची कथाही अशीच आहे. फारसींत ती अभ्यासाची धनुकली. तिला दोरीच्या जागीं लोखंडी सांखळी लावून बाहू बळकट करीत. धनुष्यें गेलीं, सांखळीचा नाद राहिला, आणि आज शाळेच्या पटांगणांत लेझीम नाचविणाऱ्या मुलास आपल्या हातीं धनुष्य आहे याची जाणीवही नसते. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्रो. माणिकराव यांनीं आणि अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें या खेळांना शिस्तबद्ध रूप दिलें. अमरावतीच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ करून दाखविले. तेथें जें जगानें पाहिलें, तें मूळच्या शस्त्राचें नव्हे तर त्याच्या मऊ प्रतिनिधीचें कौशल्य होतें.

आमच्या या अरण्यप्रदेशाचा संबंध या इतिहासाशीं दुहेरी आहे. एक तर साधनाचा. सुरजागडच्या डोंगरापासून भामरागडापर्यंत जो बांबू माजतो, त्यांतील भरीव जातीस नर बांबू म्हणतात. लाठीला व भाल्याच्या दांड्याला पूर्वींपासून त्याच जातीची मागणी असे, कारण पोकळ बांबू एका जोरकस वारानें चिरतो. दुसरा संबंध विद्येचा, आणि तेथें जपून बोललें पाहिजे. १८५८ सालीं मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. २९ एप्रिलला प्राणहितेकांठीं चिंचगुंडी येथें तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, आणि २१ ऑक्टोबरला चांद्यास त्यांना फांशी देण्यांत आलें. लोकचरित्रांत ते गोटुलांत तिरकामठा, भाला व तलवार शिकले असें सांगतात. गोटुल ही माडिया व गोंड तरुणांची संस्था. तेथें नाच, गाणें, गांवकी, शिकारीच्या गोष्टी सर्व कांहीं शिकत, तेव्हां हत्यार धरणेंही शिकत असतील यांत अशक्य कांहीं नाहीं. परंतु त्या कथांत साधनांचा उल्लेख नाहीं, म्हणून त्यांच्या आधारें येथें फरीगदगा किंवा गादी होती असें लिहिणें म्हणजे एका गौरवास्पद पुरुषाच्या नांवावर आपली कल्पना चढविणें होय. ज्याचा वीरपणा फांशीच्या दोरानें सिद्ध केला, त्याला आमच्या गादीची गरज नाहीं.

याच प्रदेशांतील एका वस्तूवरून संग्राहकांस एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. माडिया शिकाऱ्याच्या भात्यांत लोखंडी फाळाच्या बाणांबरोबर एखादा बोथट, गांठीसारख्या लांकडी टोंकाचा बाण असतो. बोथाटीची गोष्ट नुकतीच वाचलेल्या माणसाला तो लगेच अभ्यासाचा बाण वाटेल, आणि एखाद्या संग्रहांत तशी चिठ्ठीही त्याला चिकटेल. वस्तुतः तो पाखरांचा बाण आहे. फाळाच्या बाणानें लहान पाखराचें अंग फाटतें, मांस व पिसें वायां जातात. बोथट टोंकानें तें नुसतें खालीं पडतें. बोथट असलें म्हणजे शिकाऊ असलें, हा न्याय येथें लागू नाहीं. वस्तु पाहून तिचा उपयोग ठरवूं नये, वापरणाऱ्यास विचारावें.

आणि विचारण्यास माणसें आहेत तोंवर विचारावें, हें तालमींच्या बाबतींतही तितकेंच खरें आहे. लोखंड टिकतें, चामडें, कापड, वेत, चिंध्या टिकत नाहींत. तलवारीचें पातें गंजलें तरी घरांत पूजेस राहतें. गदग्यावरचें चामडें उंदरांनीं कुरतडलें कीं तो चुलींत जातो. बोथाटीच्या टोंकाचा गोळा कोणी जपून ठेविला आहे असें आम्हीं ऐकिलेलें नाहीं. याचा परिणाम असा होतो कीं संग्रह पाहणाऱ्यास वाटावें, आपले पूर्वज जन्मतःच धारदार तलवार घेऊन उभे राहिले, शिकले कधींच नाहींत. ढालींचें उदाहरण घ्या. ढालीच्या आंतील बाजूस, मुठीच्या खालीं, बोटांच्या पेरांना मार बसूं नये म्हणून एक लहान गादी शिवलेली असते. बाहेरचे चांद, नक्षी, रंग यांचें वर्णन सूचींत येतें. ही गादी बहुधा वगळली जाते. कित्येकदां ती उसवून गेलेली असते, आणि तिच्या जागीं चार टांक्यांचीं छिद्रें तेवढीं राहतात. तीं छिद्रें मोजावीं.

जुन्या वह्यांच्या व बांधणीच्या पुठ्ठ्यांतून मोडी कागदांचे तुकडे निघतात, हें पोथ्या जमविणाऱ्यांस नव्यानें सांगावयास नको. गादी भरण्यासही घरांत जें टाकाऊ असेल तेंच वापरीत. ज्यांच्या संग्रहीं जुनी फरी, ढाल किंवा मढविलेला गदगा असेल, त्यांनीं ती वस्तु दुरुस्तीस देण्यापूर्वीं आंत काय भरलें आहे तें पहावें. चामडें कोणत्या जनावराचें, शिवण कोणत्या धाग्याची, छडी वेताची कीं बांबूची, लांबी व वजन किती, हें टिपून ठेवावें. संस्थानी व सरदारी घराण्यांच्या जमाखर्चांत तालीमखान्याच्या सदराखालीं चामडें, वेत, बांबू, कापड, रंग अशा बाबी आढळल्यास त्या क्षुल्लक म्हणून वगळूं नयेत. पाव शेर गेरू कशासाठीं आला, याचें उत्तर कदाचित् बोथाटीच्या टोंकाशीं सांपडेल. अशा नोंदींच्या नकला, मूळ कागदाच्या तारखेसह, मंडळाकडे आल्यास त्या क्रमानें छापण्याची व्यवस्था संपादकांनीं करावी, अशी विनंति आहे.